‘गुदमरून मृत्यू’ एवढ्यावर थांबू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मॅनहोल नाहीतर सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं गेली की पेपरात हेडिंग ठरलेलं, ‘विषारी वायूने गुदमरून मृत्यू’. मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते, रेस्पिरेशनचा धडा मुलं नुसता घोकतात, आणि मग अशी बातमी आली की मला राहवत नाही.

पेशीत ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जात जात शेवटी ऑक्सिजनकडे येतात, तो ते घेतो आणि त्याचं पाणी होतं. आपण दिवसभर श्वास घेतो तो मुख्यतः एवढ्यासाठीच! हा शेवटचा घेणारा नसला की मागची अख्खी लाईन तुंबते, एका ग्लुकोजमागे 30-32 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळायचे तिथे 2 वर भागवायचं, मेंदूला ते कुठून पुरणार.

गटारातल्या बॅक्टेरियांनाही इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात टाकायचेच असतात, ऑक्सिजन संपला की नायट्रेट, तेही संपलं की सल्फेट. त्या सल्फेटपासून होतो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. आणि हा गॅस माणसाच्या पेशीत जाऊन बरोबर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती देणाऱ्या शेवटच्याच एन्झाइमला, सायटोक्रोम ऑक्सिडेजला धरतो, सायनाइड करतं तेच. म्हणजे रक्तात ऑक्सिजन असला तरी पेशीला तो वापरता येत नाही, मग तोंडाला रुमाल बांधून काय होणार सांगा.

त्यात 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं समजून माणूस खाली जातो, तो पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही.

काही देशांत सीवरमध्ये कॅल्शियम नायट्रेट सोडतात, नायट्रेट मिळतंय तोवर बॅक्टेरिया सल्फेटकडे फारसे वळत नाहीत. पण ते पाइपांसाठी झालं, माणूस उतरवायला परवानगी नव्हे. सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, मृत्यू झाला तर भरपाई 30 लाख असं सुप्रीम कोर्टाने 2023 ला सांगितलं. तरी ठेकेदाराने आधी गॅस मीटर सोडून बघितला होता का, हवेची नळी दिली होती का, हे बातमीत क्वचितच असतं. पुढच्या वेळी रिपोर्टरला एवढं विचारायला सांगा, आणि त्या वायूचं नावही छापा.

– एक बायोची शिक्षिका