काका, तुमचं माप माझ्याकडेच राहिलं

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर तुम्हाला धड ‘येतो’सुद्धा म्हणालो नाही. आज बुधवार उजाडला तरी ते टोचतंय. नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. ह्यूस्टनच्या मंडळींपैकी कुणीतरी तुमच्या कानावर घालेलच.

तुम्ही विचारलं होतं, हे ठासणीच्या बंदुकीचं खूळ कुठून आलं? तेव्हा नुसता हसलो होतो. आमच्या आजोबांकडे संगमेश्वराजवळच्या गावी ठासणीची बंदूक होती. वानरं आणि डुकरांपासून शेत राखायला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. एका निवडणुकीनंतर आजोबा ती आणायला गेलेच नाहीत. मला फक्त तिचा वास आठवतो, ओल्या भिंतीचा आणि गंधकाचा मिळून एक. टेक्सासात आल्यावर कळलं, की इथे 1968 च्या केंद्रीय कायद्यात जुन्या ठासणीच्या हत्यारांच्या नकला ‘अँटिक’ धरतात, म्हणजे त्या कायद्याच्या लेखी ती बंदूकच नव्हे. झालं, इटलीत बनलेली 1851 च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची नक्कल घरी आली. पितळी फ्रेमची, .44 ची, म्हणजे नळी साधारण .44 इंच व्यासाची. दिसायला देखणी. मूळ नेव्ही .36 ची होती, .44 ही या नकलाकारांची करामत, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही भेटायच्या आधी मी दोघांना विचारलं होतं. एक दुकानातला. खरी काळी दारू, म्हणजे जुनी गंधक-कोळशाची बंदुकीची दारू, तिथे ठेवतच नाहीत, स्फोटकांचे नियम आड येतात. मिळते ती पर्यायी. कुठली घेऊ, किती भरू? गडी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, सगळ्या सारख्याच, वर गोळी बसेल इतकी भर. दुसरा माझ्या ऑफिसातला, स्वतःला मोठा जाणकार समजणारा. त्याने तर आपल्या आधुनिक बंदुकीच्या काडतुसांसाठी आणलेली बिनधुराची दारू थोडी देऊ केली. “दारू ती दारू!” काका, कितीतरी जास्त जोराची ती दारू मी भरली असती तर रिव्हॉल्व्हर फुटून हे पत्र डाव्या हाताने लिहावं लागलं असतं. या माणसांचा राग अजून जात नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायला काय जातं?

मग मी स्वतःच शहाणपणा केला. ट्रिपल सेव्हन या पर्यायी दारूचा डबा आणला, कुठेतरी ‘तीस ग्रेन’ वाचलं होतं, ग्रेन म्हणजे वजनच असं धरलं, आणि सोनं तोलायच्या डिजिटल काट्यावर तीस ग्रेन तोलून सहा पुड्या बांधून आणल्या. अगदी वैद्यासारख्या! सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं भरली, काठोकाठ. पहिली गोळी ठेवली आणि नळीखालची ठासायची दांडी दाबली तर ती बसेना. जोर लावताना तोंडून ‘च्यायला’ निघालं.

तेवढ्यात बाजूने एक सुरकुतलेला हात आला आणि सिलिंडरवर अलगद टेकला. “थांब रे बाळा. रत्नागिरीकडचा का?”

त्या क्षणाबद्दलच मला लिहायचंय.

शेजारच्या टेबलावर चार धिप्पाड गडी होते, मघापासून माझ्या पुड्यांकडे बघून एकमेकांना खुणावणारे. रेंजचा माणूसही आमच्याकडे निघाला होता. तुम्ही त्याला अस्सल टेक्सन हेलात सांगितलंत, “हा माझ्याबरोबर आहे.” आणि नंतरची अख्खी कानउघाडणी मराठीत केलीत. हळू आवाजात, चेहऱ्यावर हसू ठेवून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काका-पुतण्या मुंजीच्या याद्या करतायत. इंग्रजी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण तिथे माझी फजिती होऊ नये म्हणून तुम्ही भाषा बदललीत. बंदूक वाचली, बोटं वाचली, ते आहेच. पण माझी लाज राखलीत हे मी विसरणार नाही.

आणि काय ती कानउघाडणी! “तोळ्यात ग्रेन किती? एकशेऐंशी. माझे वडील सराफ होते, मला सांगू नकोस. पण अरे, सोनं वजनाने घेतात आणि पोहे मापाने. ही दारू पोह्यांतली.” मग सांगितलंत, की डब्यावरचे ग्रेन हे काळ्या दारूच्या मापाचे. पर्यायी दारू तिच्यापेक्षा हलकी, त्यामुळे काट्यावर तीस तोलली तर मापाने कितीतरी जास्त भरते. वर ट्रिपल सेव्हन मापाला माप घेतली तरी जवळजवळ पंधरा टक्के तेज. ती फार दाबायची नाही, तिच्यात भरीला काही घालायचं नाही, असं बनवणारेच बजावतात. “आणि तुझी फ्रेम कशाची? पितळेची. एका बाराला फुटायची नाही कदाचित, पण रोज थोडी ताणेल. वर्षभराने सिलिंडर खुळखुळायला लागला की मग रडशील.” अमेरिकी यादवीत दक्षिणेकडे लोखंड-पोलादाची चणचण होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनने पितळी फ्रेमची रिव्हॉल्व्हरं काढली, तीसुद्धा .36 ची, हे सांगताना तुम्ही माझी सहाही घरं कागदावर रिकामी करत होतात. बोलणं थांबलं नाही आणि दाणाही सांडला नाही.

मग तुमच्या पेटीतून निघाला पायरोडेक्स पी या दुसऱ्या पर्यायी दारूचा डबा, चष्म्याच्या जुन्या घरातून निघालं ते दारू भरायचं माप, आणि खाऊच्या डब्यातून निघाला रवा. मला वाटलं, काका आता उपमा टाकतायत! “इथले लोक मक्याचं पीठ घालतात. आपल्याकडे रवा असताना मक्याचं कशाला?” वीस ग्रेनचं एक माप, उरलेल्या जागेत रवा, वर गोळी. दांडी दाबली तशी शिशाची बारीक अंगठी कातरून बाहेर आली. ती माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, “ही निघाली म्हणजे गोळी घट्ट बसली. नाही निघाली तर शेजारचं घर पेटायची भीती.” ती अंगठी माझ्या पाकिटात आहे. बायको विचारते, हे काय. काय सांगू?

पहिल्या बाराला दारू पेटवणारी टोपी नुसती फटकन वाजली, दिवाळीतल्या टिकलीसारखी. मी रिव्हॉल्व्हर वळवून बघणार इतक्यात तुमचा हात कोपराखाली आला. नळी समोरच. आपण दोघं तसेच उभे. किती वेळ, देव जाणे. बार उशिरानेही उडू शकतो म्हणून तुम्ही मनात आकडे मोजत होतात, ओठ हलताना दिसत होते. पायरोडेक्स पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त धग लागते, मेली टोपी कमजोर असली की असा रुसवा, हे नंतर सांगितलंत. नवी टोपी लावली आणि बार उडाला. तो धूर, काका! पांढरा, जाड, आणि तो वास. आजोबांच्या पडवीतला.

मी तेव्हा पाठ फिरवली ती डोळ्यांत धूर गेला म्हणून नव्हे.

गाडीत बसल्यावर खिशात हात घातला तर तुमचं माप. कापलेलं पितळी काडतूस, तांब्याच्या तारेचा दांडा, आत खिळ्याने ओढलेली रेघ. तुम्ही ते माझ्या खिशात कधी टाकलंत मला कळलं नाही, की मीच गडबडीत उचललं, तेही कळत नाही. ऑफिसातल्या जाणकाराला दाखवलं तर म्हणाला, दुकानात याच्यापेक्षा चांगलं मिळतं. मी मुकाट्याने परत खिशात टाकलं.

येत्या शनिवारी नऊला त्याच टेबलावर आहे. माप आणतो. रवाही मीच आणतो, बारीक. तुमच्या डब्यात तळाशी चमचाभरच उरला होता.

तुमचा,
संगमेश्वरचा पुतण्या