उणे एक रंगाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

ग्राफची, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांच्या जाळ्याची, बरीच मोजणी एकाच सूत्रात सामावणारी टट बहुपदी तुम्ही मला शिकवलीत, त्याबद्दल हे जाहीर पत्र. जाहीर अशासाठी, की कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे नुसती मोजामोजीची कोडी असं म्हणणारे अजून पुष्कळ भेटतात. त्यांनीही तुमचा त्रिकोण पाहावा.

तीन शिरोबिंदू, तीन कडा. जोडलेल्या बिंदूंना एकच रंग नको, या अटीवर क्ष रंगांनी तो क्ष(क्ष−१)(क्ष−२) प्रकारे रंगवता येतो. गणितज्ञ बर्कहॉफने १९१२ साली चार रंगांच्या प्रश्नासाठी (कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का?) आणलेली क्रोमॅटिक बहुपदी ती हीच. इथवर कुठलंही पुस्तक नेतं. तुम्ही मात्र म्हणालात, "आता क्ष = −१ ठेव." उणे एक रंग! उत्तर आलं −६. मग कडांवर बाण काढायला लावलेत: एकूण ८ प्रकार, त्यांतले २ गोल फिरणारे, उरले ६. चिन्ह सोडलं तर हे प्रत्येक ग्राफसाठी जुळतं, आणि गणितज्ञ स्टॅनली यांनी ते १९७३ मध्ये सिद्ध केलं, हे तुम्ही माझे सहा मोजून झाल्यावरच सांगितलंत. आभार खरे त्या क्रमाचे आहेत. प्रमेय आधी कळलं असतं, तर मी बाण काढलेच नसते.

पुढे त्याच त्रिकोणाची टट बहुपदी: क्ष² + क्ष + य. दोन्हीकडे १ ठेवला की ३ स्पॅनिंग ट्री (सगळे बिंदू जोडणारी, पण कुठेही गोल न होणारी कडांची निवड); क्ष = २, य = ० ठेवलं की पुन्हा तेच ६. मग क्ष = −ट, य = −१/ट ठेवून −ट² ने गुणायला लावलंत आणि ट + ट³ − ट⁴ समोर आलं. स्वतःला तीनदा ओलांडणाऱ्या साध्या गाठीची ही जोन्स बहुपदी (गाठी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला मदत करणारी), १९८४ मध्ये ऑपरेटर बीजगणितातून सापडलेली! (आरशातल्या गाठीसाठी ट आणि १/ट यांची अदलाबदल.) गाठीच्या चित्रातले भाग एकाआड एक रंगवले की त्रिकोणच उरतो, हे तुम्ही काढून दाखवलंत म्हणून पटलं, नाहीतर मी योगायोग समजून सोडून दिलं असतं.

याच बहुपदीशी जोडलेलं भौतिकीतलं पॉट्स मॉडेल (चुंबकांचं गणिती चित्र) तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत, त्याची तक्रार नाही. क्रोमॅटिक बहुपदीचे सहगुणक, चिन्ह सोडून, आधी चढतात नि मग उतरतात, हा गणितज्ञ रीडचा १९६८चा अंदाज जून हू यांनी बैजिक भूमिती वापरून सिद्ध केला, तो भाग मात्र मला अजून तुमच्याकडूनच हवा आहे.

दरम्यान चौकोन घेतला. त्याच्या क्रोमॅटिक बहुपदीत क्ष = −१ ला १४ आले, गोल न फिरणारे बाणही १४च. त्यातून गाठ मात्र येत नाही, एकमेकांत अडकलेली दोन कडी येतात.

तुमची विद्यार्थिनी