मी ‘संतुष्ट’ नाही, साहेब : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

सादर नमस्कार.

परवा दुपारी बाळाला मांडीवर झोपवत होते तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या आरोग्य केंद्रातल्या गरोदरपणाच्या तपासणीबद्दल मी केलेल्या तक्रारीवरचा मेसेज होता, शिकायत का निराकरण हो गया है, शिकायतकर्ता संतुष्ट. मला एक फोन नाही, घरी कोणी आलं नाही, पण मी संतुष्ट. हिंदीत दोनदा लिहून झालंय म्हणून आता मराठीत लिहितेय. आपल्याकडे वाचणारं कोणी नसेल तर इंदुरात रामबागेत कोणालाही थांबवा, वाचून दाखवतील.

तर तक्रार काय होती ते पुन्हा सांगते, कारण बंद करणाऱ्याने ती उघडली होती की नाही याचीच मला शंका आहे.

तिसऱ्या महिन्यात ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, दिवस गेले की हिरड्या फुलतातच, मिठाच्या पाण्याच्या चुळा भर. त्यांचं काही चुकलं नाही, हार्मोन बदलतात तशा हिरड्या सुजतात, निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना होतं हे. पण पाचव्या महिन्यापर्यंत उजवीकडून चावता येईना, पोहेसुद्धा वाटीत दूध घालून खायचे, हे इंदुरात कोणाला सांगायची पण लाज. केंद्रावर सिस्टरला सांगितलं तर म्हणाल्या, दांत का यहाँ नहीं होता. बरं. मग बीपी? तर मशीनचे सेल संपलेत, वरून मागवलेत. आणि कार्डावर लिहिलं १२०/८०.

मी तेव्हा काही बोलले नाही साहेब. भली मोठी लाइन होती, बाहेर ९ तारखेचं बॅनर होतं, त्यावर हसरे फोटो, आत एक सिस्टर दोन रजिस्टरं घेऊन बसलेली आणि एकेकीला केळं वाटत होते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांना डॉक्टरने फुकट तपासायचं अशी केंद्र सरकारची योजना आहे, चांगलीच आहे, मी तिची फॅन होते. केळं पण चांगलं होतं.

तेहतिसाव्या आठवड्यात सकाळपासून डोकं ठणकत होतं. ॲसिडिटी समजून जिरं-पाणी प्याले. दुपारी चपलेत पाय जाईना आणि संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, खरेखुरे, म्हणीतले नाही. शेजारच्या काकांकडे त्यांचं बीपीचं मशीन आहे, त्यावर १६८/११२ आलं. काकांना वाटलं मशीन बिघडलं, स्वतःच्या दंडाला लावून बघितलं, त्यांचं नॉर्मल. १४०/९० झालं तरी गरोदरपणात सावध व्हायचं असतं आणि १६०/११० म्हणजे इमर्जन्सी, हे मला नंतर कळलं. दवाखान्यात नेलं तर लघवीत प्रोटीन तीन प्लस, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणातलं बीपीचं दुखणं. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, अंगभर जाळ झाल्यासारखं वाटतं त्याने, मी ओरडत होते की मला पेटवताय का. मग सिझर. पोरगी १ किलो ६२० ग्रॅम. १९ दिवस काचेच्या पेटीत. मी १९ दिवस काचेवर बोट ठेवून उभी, टाके ओढायचे, आणि दूध पंपाने काढून वाटीत न्यायचं.

एका रात्री वॉर्डात झोप येत नव्हती म्हणून मोबाइलच्या टॉर्चमध्ये कार्ड उघडलं. चार भेटी, चारी वेळा १२०/८०. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याच केंद्रातली निघाली, तिचंही कार्ड मागितलं. १२०/८०. तिची तर फिट येऊन गेली होती. दोघी आधी हसलो, मग ती रडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल हिरड्यांचा इथे काय संबंध. बाळंतपणानंतर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी सुई घालून मोजलं, हिरडी आणि दात यांच्यात ६ मिलीमीटरचे खिसे. त्यांनी समजावलं की तिथले जंतू आणि सूज तोंडातच राहत नाही, रक्तातून फिरते, पोटातल्या बाळाच्या वारेपर्यंत जाऊ शकते, आणि हिरड्या खराब असलेल्या बायकांत हे बीपीचं दुखणं जास्त दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण त्या सरळ बाई आहेत, हेही सांगितलं की दिसतं म्हणजे त्याच्यामुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर प्रयोग छापून आला, हिरड्यांची सफाई केली तरी वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत, फक्त सफाई सुरक्षित ठरली. म्हणजे हिरड्या साफ केल्या असत्या तर माझं बीपी वाढलंच नसतं असा दावा मी करत नाहीये, उगाच तेवढंच पकडून तक्रार पुन्हा बंद करू नका. पण सहाव्या महिन्यापर्यंत सफाई सहज करता आली असती, मला दोन घास नीट चावता आले असते, आणि तोंड उघड म्हणणाऱ्या माणसाने कदाचित दंडालाही पट्टा बांधला असता.

माझ्या आईला माझ्या वेळी हेच झालं होतं. कोणी विचारलं का? विचारलं असतं तर पहिलटकरीण आणि आईला असं झालेलं म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करता आली असती, स्वस्तातली गोळी आहे. कार्डावर तो रकानाच आहे की नाही बघायला गेले तर आहे, रिकामा आहे.

रकाने, साहेब. आपलं सगळं रकान्यांवर चाललंय. १२०/८० लिहिलं की रकाना भरला, संतुष्ट लिहिलं की फाइल मिटली. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेतंय, अभिमान आहे, ओला-सुका कचरा मी स्वतः वेगळा करते, घंटागाडीवाला पिशवीत डोकावून बघतो की सुक्यात ओलं तर नाही ना. कचऱ्यात डोकावतात हो. बाईच्या तोंडात कोणी नाही. इंदुरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, १९६१ पासून आहे, तिथे एक चिठ्ठी देऊन पाठवायला काय लागतं? २०१८-२० च्या सरकारी आकड्यात आपल्याकडे लाख जिवंत जन्मांमागे १७३ आया गेल्या, महाराष्ट्रात ३३. जुना आकडा आहे म्हणाल. नाशिकची माझी मावसबहीण फोनवर म्हणते, तू बाळंतपणाला इकडे का नाही आलीस. काय सांगू तिला? की आमच्याकडे सगळ्या बायकांचं बीपी १२०/८० असतं म्हणून?

आणि त्या सिस्टरला नोटीस काढून मोकळे होऊ नका. सत्तर-ऐंशी बायकांना एक सिस्टर आणि सेल नसलेलं मशीन, हे तिने मागितलं नव्हतं. मला मशीन चालू हवंय, लघवीची पट्टी हवी आहे, आणि हिरड्यांतून रक्त येतं का हा एक प्रश्न कार्डावर हवा आहे.

सेलचं आम्हीच बघितलं. आमचे हे गेल्या ९ तारखेला चार पेन्सिल सेल घेऊन केंद्रावर देऊन आले, ८० रुपये, पावती जोडली आहे. पैसे नकोत. पण सिस्टर म्हणाल्या, रजिस्टरला ‘सेल प्राप्त’ लिहिता येणार नाही, वरून आलेले नाहीत ना.

पोरगी उठली. आता साडेतीन किलोची आहे. थांबते.

आपली असंतुष्ट,
एक आई, रामबाग, इंदूर