यंत्र थांबले की शेवटाकडून पाहा

माननीय संपादक,
स. न.

अंतराळात याने आणि यंत्रे बांधायच्या 'स्पेस इंजिनिअर्स' या संगणकीय खेळावरचा युवा पुरवणीतला लेख आवडला. मात्र 'स्वयंचलित यंत्र अडले तर मोडून पुन्हा बांधा' हा त्यातला सल्ला पटला नाही. यंत्र बहुतेक वेळा बिघडलेले नसतेच, पुढे माल ठेवायला जागा नसते. आपल्याकडच्या आंबा कॅनिंगमध्ये शेवटी डबे उचलायला कोणी नसले की मागचा गर काढणारा पल्परही थांबवावा लागतो, तसेच हे. तेव्हा तपास शेवटाकडून सुरू करावा.

खेळातली रिफायनरी, म्हणजे खनिज शुद्ध करणारे यंत्र, थांबली की 'के' दाबून नियंत्रण-पटल उघडा आणि तिच्या आउटपुटमध्ये काय साचले आहे ते बघा. दहापैकी नऊ वेळा खडीच सापडेल, असे म्हणायला हरकत नाही! दगडातून लोखंड, निकेल, सिलिकॉन निघते, तशी खडीही निघते. आणि तिला गिऱ्हाईक अणुभट्टीच्या सुट्या भागांपुरतेच. माल साठवायचा कंटेनर तिनेच भरतो.

यावर इलाज असा: कंटेनरला सॉर्टर (माल निवडून पुढे सोडणारा भाग), सॉर्टरला कनेक्टर (माल बाहेर टाकू शकणारे जोड-तोंड) जोडा. सॉर्टरवरचा बाण कनेक्टरकडे हवा. सॉर्टरची यादी व्हाइटलिस्ट (फक्त यादीतलेच सोडणारी) ठेवून तिच्यात फक्त ग्रॅव्हल, म्हणजे खडी, घाला, मग माल ओढून पुढे ढकलणारे 'ड्रेन ऑल' चालू करा. कनेक्टरचे माल बाहेर फेकणारे 'थ्रो आउट' सर्वांत शेवटी. ही घाई आधी केली आणि यादी रिकामी ब्लॅकलिस्ट (यादीतले सोडून बाकी सगळे जाऊ देणारी) राहिली, तर सॉर्टर सगळेच सोडतो, आणि खडीबरोबर युरेनियमही अंतराळात जाते. उलट व्हाइटलिस्ट रिकामी असेल तर काहीच पुढे सरकत नाही. सॉर्टरची वीज गेली तरी तेच.

भाग जोडून बांधकाम करणाऱ्या वेल्डरला मोटर मिळत नसेल तर माल वाहणारी नळी पाहा. लहान ग्रिडच्या, म्हणजे छोट्या ठोकळ्यांच्या बांधणीच्या, बारीक नळीतून खनिज आणि इन्गॉट (शुद्ध धातूच्या लगडी) जातात; मोटर किंवा मोठी स्टील ट्यूब जात नाही. तिथे मोठी नळीच लागते.

ठरलेल्या विलंबाने कृती करवणारा टायमर एकदाच चालून गप्प बसतो, कारण त्याच्या कृतींमध्ये त्याचे स्वतःचे 'स्टार्ट' घातलेले नसते. 'ट्रिगर नाऊ' घालू नये, त्यात विलंबच उरत नाही.

ड्रिल पुढे ढकलणाऱ्या पिस्टनबाबत एक हिशेब कायम चुकतो: एकापुढे एक लावले की वेगांची बेरीज होते. चार पिस्टन प्रत्येकी सेकंदाला ०.१ मीटरवर, म्हणजे ड्रिल ०.४ ने खडकावर आदळते आणि सगळा दांडा थरथरू लागतो. वेग चारांत वाटून द्या. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा नेम नाही, म्हणून पिस्टन हलवण्याआधी सेव्ह केलेले बरे.

तळाशी जोडलेले यान सुटल्यावर निपचित पडले, तर बॅटरी 'रिचार्ज'वरच राहिलेली असते. ती 'ऑटो'वर आणा.

पुढच्या लेखासोबत सॉर्टरच्या बाणाचे एक ठळक चित्र छापावे, ही विनंती.

— एक वाचक, मालवण