आधी वाचा, मग बंद करा

बेंगळुरू
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र बघून आई घाबरेल, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. फोनवरही बोलता आलं असतं. पण नेट बंद पडल्यावर काय करायचं ते व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावण्यातला प्रकार. म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात. टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, "नेट गेलं." मी विचारलं, डब्यावर लाल दिवा आहे का? "आहे एक." त्याखाली काय लिहिलंय? "थांब, चष्मा आणतो." चष्मा सापडेपर्यंत सात मिनिटं गेली. तोवर बाबांनी डबा चार वेळा बंद-चालू केला होता, हे आईकडून कळलं.

दिव्याखाली 'एलओएस' लिहिलेलं होतं. तो लाल झाला की बंद-चालू करून उपयोग नाही. आपल्याकडे येणारी फायबरची तार आतून काचेची असते, केसाएवढी बारीक, आणि तिच्यातून उजेड धावतो. तो उजेडच डब्यापर्यंत येत नाहीये, एवढंच तो लाल दिवा सांगतो. म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा फार वाकली. कपाट मागे सरकवताना ती चेपली नाही ना, एवढं बघायचं, आणि केबलवाल्याला फोन करून "एलओएस लाल आहे" म्हणायचं. मग तो "काका, रीस्टार्ट करून बघा" म्हणत तुम्हाला घोळवत बसणार नाही. आपली तार वांदरांनी आंब्यावरून उडी मारताना ओढली होती, हे संध्याकाळी कळलंच. सगळं जग काचेतून धावतंय आणि चिपळुणात ते वांदराच्या शेपटीला अडतं!

लाल दिवा नसेल आणि तरी नेट चालत नसेल, तर मात्र बंद-चालू. बटण बंद, तीसपर्यंत आकडे मोजायचे, चालू, मग दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. हे आईला वेगळं सांगायला नको. मशीनचा धागा सारखा तुटायला लागला की तू सगळा धागा काढून परत ओवायचीस, मग सुई बदलायचीस, मग बॉबिन बघायचीस. मेकॅनिक वर्षातून एकदा यायचा. डब्याचंही तेच. फक्त मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे, 'रीसेट' लिहिलेलं, त्यात काही खुपसायचं नाही. त्याने नेटचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं जातं.

आणि मागच्या पडवीत नेट हळू चालतं म्हणून महागाचा प्लॅन घेऊ नका. आपल्या डब्याची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी '५जी' असलेलं. त्या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. ते जवळून वेगवान असतं, पण चिऱ्याच्या दोन भिंती पार करताना दमतं. पडवीत साधं नाव निवडा.

आता बाबा, तुमच्याविषयी. गणपतीनंतर कॉम्प्युटरचा प्लग महिनाभर काढून ठेवला होता. लावल्यावर बँकेची साइट उघडेना. तुम्ही ठरवलंत की बँकच हॅक झाली, आणि रिक्षा करून पासबुक भरून आलात. मी विचारलं, स्क्रीनवर काय होतं? "काहीतरी इंग्रजी आलं होतं, मी बंद केलं."

बाबा, तीस वर्षं तुम्ही वर्गात सांगितलंत, प्रश्नपत्रिका हातात आली की आधी दोनदा वाचा. त्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं होतं, 'युवर क्लॉक इज बिहाइंड'. तुमचं घड्याळ मागे आहे. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयासारखा चपटा सेल असतो, प्लग काढलेला असतानाही तारीख-वेळ धरून ठेवणारा. तो संपला की यंत्र काही वर्षं मागे जाऊन बसतं. वेबसाइटलाही तुमच्या हयातीच्या दाखल्यासारखा दाखला लागतो, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध. कॉम्प्युटरने आपल्या जुन्या तारखेवरून पाहिलं, तर तो दाखला अजून सुरूच झालेला नाही. मग तो साइट उघडू देत नाही, आणि त्याच्या बाजूने बरोबरच आहे. उपाय साधा आहे. खाली उजवीकडे घड्याळावर माउसचं उजवं बटण, 'ॲडजस्ट डेट अँड टाइम', मग 'सिंक नाऊ'.

यापुढे एवढंच करा. काहीही आलं की बंद करण्याआधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. मी मीटिंगमध्ये असले तरी फोटो बघते.

दुसरी गोष्ट आईने सांगितली, तुम्ही नाही. पंचांग शोधताना अख्खी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, 'व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. तुम्ही फोन केलात. पलीकडचा गोड बोलला, एक ॲप टाकायला लावलं, आणि बाण आपोआप हलायला लागला, तेव्हा आईने भिंतीतला प्लग उपटला. आई, तू केलंस त्याहून चांगलं मलाही सुचलं नसतं.

मी रागावले नाहीये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ती लाल स्क्रीन हे एक वेब पान असतं, बाकी काही नाही. 'आल्ट' दाबून 'एफ ४'. नाहीच गेलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कधी पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. आधी १९३०, म्हणजे सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच बँक, आणि मग मी. १९३० ला जितक्या लवकर कळेल तितके पैसे वाटेत अडवता येतात. मला उशिरा कळलं तरी चालेल, त्यांना नाही.

मला खरं लागलं ते वेगळंच. "तिला कशाला त्रास" म्हणून तुम्ही परक्या माणसाला आत घेतलंत. मला कॉम्प्युटर दाखवायचा असेल तेव्हा तुम्हीच फोन करायचा. मग मी सांगेन, 'क्विक असिस्ट' उघडा (दुरून स्क्रीन दाखवायचा विंडोजचाच प्रोग्राम), आणि एक कोड देईन. तुम्ही फोन केलेला नसताना कोणी कोड दिला, माझं नाव सांगून दिला तरी, फोन ठेवायचा.

ते ॲप काढलंय आणि पासवर्ड बदललेत. नवा सेल मी २५ डिसेंबरला येताना आणते. तोवर प्लग काढू नका. विजा चमकायला लागल्या तर मात्र काढा, तारीख परत लावता येईल.

तुमची,
मनू

ता. क. वायफायचा पासवर्ड इथे मुद्दाम लिहिलेला नाही. तो आईच्या वहीत, दुधाच्या हिशेबाखाली आहे. बाबा, ती वही मागण्याआधी चष्मा घेऊन जा.