कपाट रिकामं करण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

कपाटातली सगळी पुस्तकं वाचनालयाला द्यायची असं तुम्ही ठरवलंत, आणि तिथून "आधी यादी पाठवा" असं उत्तर आल्यामुळे बाबा, तुम्ही नाराज आहात. मला त्यांचं म्हणणं पटतं. का, ते सविस्तर लिहिते.

देणगी म्हणून आलेलं पुस्तक वाचनालयाला फुकट पडत नाही. दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते, दाखल क्रमांक पडतो, विषयानुसार वर्गांक ठरतो, शिक्के बसतात, पाठीवर चिठ्ठी लागते, कव्हर चढतं. एवढं झालं की ते कायमची जागा अडवून बसतं. म्हणून त्यांना हवी असतात ती सुस्थितीतली, वाचली जातील अशी आणि आधीपासून त्यांच्याकडे नसलेली पुस्तकं. एखादा खंड गहाळ असलेले संच, जुनी कायद्याची किंवा संगणकाची पुस्तकं ते घेणार नाहीत. औषधोपचारांची जुनी पुस्तकं तर घेऊच नयेत, कारण त्यातला सल्ला आज अपायकारक ठरू शकतो. यादीत नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि पुस्तकाची अवस्था लिहा. नको असलेली पुस्तकं परत हवीत की त्यांनी परस्पर कुणाला दिली तरी चालेल, हेही खाली लिहून द्या. पुढे मनं दुखावतात ती नेमकी याच मुद्द्यावर.

आता आवरण्याचं. एका दिवशी एकच कप्पा काढा. पुस्तक ओढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवू नका, बांधणी तिथूनच फाटते. शेजारची दोन पुस्तकं थोडी मागे ढकला आणि हवं ते मधोमध धरून काढा. काढलं की आधी वास घ्या. कुबट वास आला तर ते पुस्तक लगेच वेगळ्या पिशवीत बंद करा. बुरशी ओलसर असेल आणि बोटाला माखत असेल तर ती जिवंत आहे. असं पुस्तक उभं ठेवून, पानं थोडी उघडून, हवेशीर सावलीत वाळू द्या. कडक उन्हात नको, पुठ्ठे वाकतात आणि कागद पिवळा पडतो. पूर्ण कोरडं झाल्यावरच, मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग आत मुरतो. आई, तुला दम्याचा त्रास आहे, तेव्हा या ढिगाला तू हात लावू नकोस.

कसर किंवा वाळवीसारखी कीड दिसली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये, साधारण उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका. थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि एक संकट टळून दुसरं उभं राहतं. थंडीने बुरशी मात्र मरत नाही, फक्त थांबते. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ माणसाला चांगली नाही. खरा उपाय हवेतल्या ओलाव्यावर आहे. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पुस्तकं कप्प्यात ठासून भरू नका.

गोष्टींची स्वस्तातली जुनी पुस्तकं ठिसूळ झाली असतील. त्यात तुमची हयगय नाही. तो कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात राहिलेल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो, आणि शाई पसरू नये म्हणून राळेबरोबर वापरलेल्या तुरटीमुळे त्यात हळूहळू आम्ल तयार होऊन तो कडकडीत होतो. कोऱ्या कोपऱ्याला एकदा पुढे, एकदा मागे घडी घाला. तेवढ्यात तुकडा पडला तर ते पुस्तक देवघेवीत टिकणार नाही. ते घरीच राहू द्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप कृपा करून लावू नका. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन पलीकडच्या पानावर उतरतो, आणि तो काढताना अक्षरं निघून येतात.

बाबा, वाचनालयं जुनी पुस्तकं बाद करतात याचा तुम्हाला राग येतो. लहानपणी वाचनाचं वेड लागलं की वाटतं, मांडणीवर गेलेलं पुस्तक आता कायमचं तिथेच राहणार. मीही बरीच वर्षं तेच धरून होते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांतला पहिला सांगतो की ग्रंथ उपयोगासाठी आहेत आणि पाचवा सांगतो की ग्रंथालय वर्धिष्णू आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की छाटणी टळत नाही हे कळतं. कप्पे गच्च भरले की नवं पुस्तक मागे दडपलं जातं, आणि मुलं ज्या कपाटातून पुस्तक सहज ओढू शकत नाहीत त्याच्याकडे फिरकत नाहीत. एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्या कुठल्याच ग्रंथालयात प्रत आहे का, हे न तपासता शेवटची प्रत रद्दीत घालणं चुकीचंच. तुमच्या यादीत असं दुर्मीळ काही असलं तर त्यापुढे खूण करा. ते संशोधनाच्या ग्रंथालयाकडे पाठवू.

आई, "आता अक्षरं लागत नाहीत, वाचनालयात जाऊन काय करू" हे मला मान्य नाही. साठीनंतर वाचायला विशीतल्यापेक्षा साधारण तिप्पट उजेड लागतो, त्यामुळे आधी दिवा बघ. तो खांद्यामागून, बाजूने यावा. समोरून आला तर गुळगुळीत कागद चमकतो. नेहमीचा टाइप 10 ते 12 पॉइंटांचा असतो, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांत 16 किंवा 18 चा. तशी पुस्तकं आणि बोलती पुस्तकं आहेत का, ते देवघेवीच्या टेबलाशी विचार. नसतील तर मागणी लेखी नोंदव. तोंडी सांगितलेलं खरेदीच्या यादीपर्यंत पोचत नाही.

खोकी लहान घ्या, एकेक दहा किलोच्या आत. मोठी पुस्तकं आडवी तळाशी ठेवा, बाकीची उभी. खोकी उचलायची नाहीत, मी आल्यावर मी नेईन. पहिल्या कप्प्याची यादी झाली की तिचा फोटो पाठवा, म्हणजे कुठलं कुठे द्यायचं ते फोनवर ठरवू.

तुमची लेक