रॅकेट इतक्यात नको, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सई आठ वर्षांची झाली. आता एकच खेळ धरा आणि रोज पहाटे पाठवा. बॅडमिंटनची रॅकेट मी घेतो." मी "बघते" म्हणून विषय टाळला. फोनवर बोलताना माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

सईला आम्ही इतक्यात एकाच खेळाला जुंपणार नाही. आठवड्यातून दोनदा ती पोहायला जाते. ते मात्र पक्कं येईपर्यंत सोडू देणार नाही, पाण्यात स्वतःला सांभाळता आलंच पाहिजे. बाकी दिवस मैदानावर पोरं जे खेळतील ते. सध्या तिला गोलकीपर व्हायचं वेड लागलंय. चेंडू अंगावर आला की ती डोळे मिटून मान फिरवायची. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच तिने शेवटपर्यंत नजर हलवली नाही. चेंडू पोटाशी धरून खाली बसली आणि उठायलाच तयार नाही! बाबा, शटलवर नजर ठेवायला तुम्ही मला किती महिने शिकवत होतात, आठवतंय?

आणि माझा गुडघा आठवतोय? तेरावं वर्ष. आई, तू रुमालात बर्फ गुंडाळून रात्री माझ्या पायाशी बसायचीस. कोच म्हणाले, "पट्टी बांध, सवय होईल." बांधली आणि खेळत राहिले. मग डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर हे नाव सांगितलं. वाढत्या वयात नडगीच्या हाडाचा वरचा भाग कच्चा असतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ वाटीखाली नेमकी तिथेच बसते. रोज त्याच उड्या, तेच पाय टाकणं, वर्षभरात एक महिनाही सुटी नाही, मग ती जागा सुजणारच. गुडघ्याखालचा तो टेंगूळ अजून आहे, जमिनीवर गुडघे टेकले की कळतो.

तुम्हाला दोष देत नाहीये. लवकर सुरू करा, एकच धरा, हेच तेव्हा सगळे सांगत होते. पण सईसाठी मी मुद्दाम वाचलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलंय की बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकू नये, आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती असावी आणि मुख्य खेळाला वर्षातून एकूण तीन महिने तरी सुटी द्यावी. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांचं वेगळं, तिथे लवकर सुरुवात करतात. पण बॅडमिंटन त्यातलं नाही. फेडररसुद्धा लहानपणी टेनिसबरोबर फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन खेळायचा. रोज तासभर धावपळ, घाम हवाच, जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते. ती एकाच खेळातून मिळाली पाहिजेत असं कुठेच नाही.

मैदानावरच्या खेळांचा क्लास निवडताना मी दोन दिवस नुसती बाकावर बसून बघत होते. एका ठिकाणी कोच छान शिकवायचे, पण पोराकडून चेंडू सुटला की सगळ्यांसमोर ओरडायचे. तिथे नाही घातलं. दुसरीकडे हरणाऱ्या संघातलंही प्रत्येक मूल आळीपाळीने आत जात होतं. तिथे सई स्वतःच म्हणाली, "उद्या पण यायचं?"

उद्या यायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, बाबा. मला त्या वेळी बाहेर मुलींबरोबर फुटबॉल खेळायचा असायचा. कोर्टच्या जाळीतून मी त्यांच्याकडे बघायचे. तुम्ही पाच वाजता उठून मला सोडायला यायचात, थंडीत स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर घालायचात, म्हणून तोंडातून शब्द निघाला नाही. पंधराव्या वर्षी मी सोडलं, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त माझी रॅकेट पुसून कपाटात ठेवलीत. ते मला अजून टोचतं. तुम्ही घेतलेल्या कष्टांचं मी काहीच केलं नाही, असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. तसं नव्हतं. खेळायची आवड तुमच्याकडूनच आली, फक्त गुडघा आणि मन दोन्ही थकलं होतं.

सईला उद्या बॅडमिंटनच आवडलं, तर तुमच्याइतका आनंद मला होईल. तोवर नवी रॅकेट घेऊ नका. सुटीत याल तेव्हा माझी ती जुनीच आणा, ग्रिप बदलून, आणि शटल नायलॉनची घ्या, पिसांची ती एका दिवसात संपवेल. संध्याकाळी तुम्ही आणि ती, मध्ये दोरी बांधून. गुण मोजायचे की नाही ते तिला ठरवू दे.

तुमची,
मनू